मूळ फाइल

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं गेट. पाळी बदलायची वेळ. बाहेर पडणाऱ्यांची पावलं जड, आत जाणाऱ्यांच्या हातात डबे. गेटच्या आतल्या भिंतीवर एक टच स्क्रीन बसवला आहे. आत जाणाऱ्यानं आपला नंबर टाकायचा, आज कोणत्या खात्यात काम आहे ते निवडायचं, सुरक्षेच्या सूचना वाचायच्या आणि ‘समजलं’ हे बटण दाबायचं. पण या सगळ्याआधी पडद्यावर एकच प्रश्न येतो: भाषा?

हा पडदा नीट चालतो की नाही हे तपासणाऱ्या टेस्ट मी लिहिते. जावात लिहिलेल्या, सेलेनियमच्या मदतीनं ब्राउझर उघडणाऱ्या, माणसासारखी बटणं दाबणाऱ्या आणि पडद्यावर यायला हवा तोच शब्द आला का ते पाहणाऱ्या. त्याच टेस्ट मराठीत, हिंदीत, गुजरातीत आणि इंग्रजीत चालायला हव्यात. काम एकच, शब्द चार. कोणता शब्द कधी आणि कोणी निवडायचा, त्याबद्दलची ही टिपणं. बोईसरला घरी आल्यावर रात्री वहीत लिहिलेली.

*

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं १०८ वं कलम मी कामाच्या निमित्तानं वाचलं. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, मुख्य दाराशी सहज दिसतील अशा जागी लावाव्यात, असं त्यात सांगितलं होतं. इंग्रजीचं नाव कायद्यानं घेतलं. दुसऱ्या भाषेचं घेतलं नाही. दारातून कोण आत येतं ते बघा आणि मग ठरवा, असा त्याचा अर्थ.

आमच्या धंद्यात याला रनटाइमला ठरवणं म्हणतात. प्रोग्राम लिहिताना जागा मोकळी ठेवायची, चालताना समोर कोण आहे ते पाहून ती भरायची. ते कलम वाचल्यापासून भाषेची निवड मला निव्वळ तांत्रिक सोय वाटत नाही.

*

सुरुवातीचा कोड असा होता. ‘मराठीलेबल्स’ नावाचा एक क्लास, ‘हिंदीलेबल्स’ नावाचा दुसरा. दोन्हींत नावं तीच: पाठवा, मागे, धोका, बाहेर. प्रत्येक नाव म्हणजे एक ‘स्टॅटिक फायनल’ स्ट्रिंग. टेस्टमध्ये शब्द हवा तिथं थेट मराठीलेबल्सचं नाव घेतलेलं. हिंदीची वेळ आली तेव्हा सगळ्या टेस्टची नक्कल करून मराठीच्या जागी हिंदी लिहिलं गेलं. गुजरातीच्या वेळी आणखी एक नक्कल. पडद्यावर एक रकाना वाढला की चार ठिकाणी दुरुस्ती, आणि चौथी हमखास राहून जायची.

मग प्रश्न येतो तो हा: टेस्ट चालताना क्लासच बदलता येईल का? नव्यानं कामाला लागलेल्यांना पहिली वाट सुचते ती वारशाची. एक मूळ ‘लेबल्स’ क्लास करायचा, मराठी आणि हिंदी हे त्याचे वारस, वारसांत त्याच नावांची फील्ड. व्हेरिएबल ‘लेबल्स’ प्रकारचं, त्यात ऑब्जेक्ट मराठीचा. चालवून पाहिलं की शब्द मूळ क्लासचाच येतो. कारण कोणती मेथड चालवायची हे जावा ऑब्जेक्ट पाहून ठरवतं. फील्डचं तसं नाही. ते व्हेरिएबलचा जाहीर केलेला प्रकार पाहून कंपाइल होतानाच ठरून जातं. वारसातलं त्याच नावाचं फील्ड मूळ फील्डला झाकतं, बदलत नाही.

म्हणून वहीत पहिली ओळ लिहिली: जो शब्द बदलू शकतो तो फील्डमध्ये ठेवायचा नाही, मेथडच्या मागे ठेवायचा.

*

एकदा एका बटणावरचं ‘सबमिट करा’ बदलून ‘पाठवा’ केलं. लेबलांची जार फाइल नवी बनवली, जुनीच्या जागी ठेवली. टेस्ट तरीही ‘सबमिट करा’ शोधत राहिल्या. जार उघडून पाहिली तर आत नवाच शब्द. दुपार त्यात गेली.

कारण साधं होतं. स्टॅटिक फायनल स्ट्रिंगला लिहितानाच शब्द दिला असेल तर कंपायलर तो शब्द वापरणाऱ्या क्लासमध्ये उतरवून घेतो. पुढे मूळ क्लासला कोणी विचारायलाही जात नाही. आमच्या टेस्ट नव्यानं कंपाइल झाल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या पोटात जुना शब्द तसाच होता. सगळं पुसून पुन्हा बिल्ड केल्यावर सुटलं.

‘कॉन्स्टंट’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. असा शब्द ज्यांनी वापरला त्यांच्यापाशी त्याची प्रत जाऊन बसलेली असते, आणि मालकानं तो बदलला तरी प्रती बदलत नाहीत.

*

स्थानकावरची पिवळी पाटी आणि स्थानकावरची घोषणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीवर बोईसर हे नाव मराठी, हिंदी, इंग्रजीत रंगवलेलं. ज्याला जी भाषा येते ती त्यानं वाचावी. नाव बदलायचं तर शिडी लावून पुन्हा रंगवायला हवं. घोषणेला मात्र साचा असतो आणि त्यात त्या त्या वेळच्या गाडीचं नाव, फलाट, वेळ भरली जाते.

याच मार्गावर पुढे डहाणू रोड, घोलवड, बोर्डी रोड ओलांडलं की राज्य बदलतं. आपण ज्याला उंबरगाव म्हणतो ते गुजरातीत उमरगाम. १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. दोन राज्यं झाली तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला. गाव जागच्या जागी राहिलं आणि पाटीवरचं नाव बदललं. ज्या जिल्ह्याच्या टोकाला असं घडलं आहे, तिथं गावाचं नाव कोडमध्ये एकदाच रंगवून ठेवणं चालणार नाही.

*

सेलेनियममध्ये ‘फाइंडबाय’ नावाचं ॲनोटेशन आहे. पानावरचं बटण कसं शोधायचं हे फील्डच्या डोक्यावर लिहून टाकायचं, फार सुटसुटीत. पण ॲनोटेशनमध्ये लिहिलेली किंमत कंपाइल होतानाच पक्की असावी लागते. तिथं मेथडला हाक मारता येत नाही, फाइल उघडता येत नाही. म्हणजे ‘पाठवा असं लिहिलेलं बटण’ हे ॲनोटेशनमध्ये लिहिलं की ती टेस्ट कायमची मराठी झाली.

उपाय दोन. पहिला, लोकेटर मेथडमध्ये बांधायचा, म्हणजे हाक मारली की त्या क्षणीच्या भाषेतला शब्द घेऊन तो तयार होईल. दुसरा अधिक चांगला. बटण शब्दावरून शोधायचंच नाही. पडदा लिहिणाऱ्यांना विनंती करायची की प्रत्येक बटणाला भाषेशी संबंध नसलेला एक आयडी द्या. मग आयडीवरून बटण शोधायचं आणि त्यावरचा शब्द तपासायचा. शोधणं एक, तपासणं दुसरं. या दोन कामांची सरमिसळ सुटली आणि आमच्या बहुतेक टेस्टना भाषेची गरजच उरली नाही. जिथं खरोखर शब्द तपासायचा तिथंच ती उरली.

*

शेवटी बसलेली घडी. ‘शब्द’ नावाचा एक इंटरफेस. त्यात मेथड: धोका, बाहेरचा रस्ता, मदत, थांबा. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे चार क्लास तो इंटरफेस पाळतात. ‘भाषा’ नावाचा एक एनम, त्यात प्रत्येक भाषेला तिचा क्लास जोडलेला. टेस्ट सुरू करताना मेव्हनच्या कमांडमध्ये किंवा टेस्टएनजीच्या एक्सएमएल फाइलमध्ये एक खूण द्यायची: एमआर, एचआय, जीयू किंवा ईएन. ती खूण एकाच जागी वाचली जाते, तिच्यावरून एनम आणि एनमवरून क्लास ठरतो. पुढे टेस्टला भाषा ठाऊक नसते. ती फक्त विचारते, धोक्याला काय म्हणता?

पाचवीच खूण आली तर टेस्ट तिथेच थांबते. अंदाजानं कुठलीही भाषा घेत नाही. आणि कोडमध्ये इतरत्र कुठंही ‘जर मराठी असेल तर’ असं दिसलं की मी त्या ओळीपाशी थांबते. निवड एकाच दारातून आत यायला हवी. दुसरं दार उघडं राहिलं की भाषा तिथून मिसळायला लागतात.

*

इंटरफेस का, फाइल का नाही, असं कोणी विचारतं. जावात १९९७ पासून ‘रिसोर्सबंडल’ आहे. प्रत्येक भाषेची एक प्रॉपर्टीज फाइल, ‘गेटबंडल’ला लोकेल सांगायचं, ती भाषा मिळते. शेकडो लेबलं असतील तर तेच योग्य. भाषांतरकाराला जावा यायची गरज पडत नाही.

पण फाइलमध्ये एखादं वाक्य राहून गेलं तर ते प्रोग्राम चालल्यावरच कळतं. इंटरफेसमधली एक मेथड गुजराती क्लासनं लिहिली नाही, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. म्हणून आम्ही वाटणी केली. नेहमीची लेबलं फाइलमध्ये. जिवाशी संबंध असलेली वाक्यं इंटरफेसमध्ये: आग, गॅसगळती, वीज बंद करा, इथून बाहेर पडा. ही प्रत्येक भाषेत असलीच पाहिजेत, ही सक्ती आधी. कोणत्या भाषेत दाखवायची, ही निवड नंतर.

*

चार भाषा एकामागून एक चालवल्या तर फार वेळ लागतो, म्हणून टेस्टएनजीला चार थ्रेड दिले. आणि विचित्र चुका येऊ लागल्या. पडदा हिंदी, टेस्ट शोधतेय गुजराती शब्द. एका दिवशी यायच्या, दुसऱ्या दिवशी नाही.

‘सध्याची भाषा’ हे एकच स्टॅटिक व्हेरिएबल चौघांत होतं. एकानं हिंदी लिहिलं, वाचण्याआधी दुसऱ्यानं त्यावर गुजराती लिहिलं. ‘थ्रेडलोकल’ वापरल्यावर प्रत्येकाची भाषा त्याच्यापाशी राहिली, जसा पाळीतल्या प्रत्येकाला स्वतःचा लॉकर. मात्र पाळी संपली की लॉकर रिकामा करून किल्ली परत द्यायची असते. थ्रेडही पुढच्या टेस्टला पुन्हा वापरले जातात. टेस्ट संपताना भाषा काढून टाकली नाही, तर पुढच्या टेस्टला मागच्याचा डबा सापडतो.

*

माझ्या लॅपटॉपवर पास, बिल्डच्या मशीनवर नापास. गुजराती पडद्यावर इंग्रजी. पाहिलं तर गुजरातीची फाइल जारमध्ये गेलीच नव्हती.

मग ओरड का झाली नाही? गेटबंडलचा शोध ठरलेल्या वाटेनं जातो. मागितलेल्या भाषेची फाइल नसली तर ते त्या मशीनची स्वतःची भाषा कोणती ते पाहतं आणि तिची फाइल घेतं. तीही नसेल तर नावापुढे भाषेची खूण नसलेली मूळ फाइल. तिन्ही नसतील तेव्हाच चूक दाखवतं. बिल्डच्या मशीनची भाषा इंग्रजी. माझ्या लॅपटॉपवर गुजरातीची फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये हाताशी होती म्हणून तिथं टेस्ट पास झाली, इतकंच.

आता टेस्टमध्ये दोन गोष्टी आहेत. बंडल मागताना मशीनच्या भाषेकडे वळू नये असं सांगणारं कंट्रोल द्यायचं. आणि मिळालेल्या बंडलला उलट विचारायचं, तू कोणत्या भाषेचा? उत्तर आणि मागणी जुळली तरच पुढे.

एक बारकावा. कोणती वाक्यं राहिली ते तपासायला बंडलचा कीसेट वापरू नये. त्यात मूळ फाइलच्या कीसुद्धा मिसळलेल्या असतात, त्यामुळे यादी नेहमी पूर्णच दिसते. प्रॉपर्टीज फाइल थेट वाचून तिच्या स्वतःच्या कीच मोजाव्यात.

*

गेटवरच्या वॉचमनकाकांनी विचारलं, “ताई, हा नवीन पोरगा विचारतोय, इथं कसली फसवणूक होते?”

पडद्यावर ‘धोका’ लिहिलं होतं. मुलगा पूर्व उत्तर प्रदेशातला, नुकताच लागलेला. आधीच्या माणसानं निवडलेली मराठी पडद्यावर तशीच राहिली होती. आपला धोका म्हणजे जिवाची भीती. त्याचा धोखा म्हणजे विश्वासघात. त्याला हवा असलेला शब्द ‘खतरा’. त्यानं निदान विचारलं. न विचारता बटण दाबून आत गेलेल्यांचं काय, हा विचार दिवसभर डोक्यात राहिला.

त्या दिवशी दोन टेस्ट वाढल्या. एक: ‘समजलं’ दाबल्यावर पडदा भाषेच्या प्रश्नावर परत येतो का? दुसरी: मराठी पानात हिंदी शिरली आहे का? लिपी एकच असल्यामुळे ‘देवनागरी दिसतेय ना’ एवढी तपासणी कामाची नाही. आम्ही एक साधी खूण धरली. मराठी मजकुरात ‘है’ हा सुटा शब्द येत नाही, हिंदी मजकुरात ‘आहे’ येत नाही. एवढ्यानं सगळं पकडलं जात नाही, पण अख्खं पान बदललं गेलं असेल तर नक्की पकडलं जातं.

*

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागलं. देशातलं पहिलं. नोकरीसाठी देशभरातून माणसं आली, वसाहत झाली, आणि बोईसरच्या बाजारात एका हाताच्या अंतरावर चार भाषा ऐकू येऊ लागल्या. मग एमआयडीसी वाढली, आणखी माणसं आली. किनाऱ्यावर मांगेल्यांची बोली आणि डोंगराकडे वारली, कातकरी, कोकणा हे सगळं आधीपासून होतंच. ठाण्यातून वेगळा होऊन १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तो असा, सागरी, नागरी आणि डोंगरी.

‘इथली भाषा कोणती’ याला एका कॉन्स्टंटमध्ये बसेल असं उत्तर नाही. म्हणून निवड उशिरा करायची, समोरच्याला विचारून.

*

कर्मचाऱ्याचे नाव. कर्मचार्‍याचे नाव.

डोळ्यांना सारखेच. टेस्टला नाही. पहिल्यात ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला, आणि त्यामागे जोडणारं एक अदृश्य चिन्ह. टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड कोणता यावर ते ठरतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी हे दोन एक होत नाहीत. चूक सांगणाऱ्या ओळीत दोन्ही शब्द शेजारी दिसतात, हुबेहूब, आणि खाली लिहिलेलं असतं की जुळत नाहीत.

‘ॲ’ चंही तेच. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली. त्याआधीचं लिखाण अ आणि चंद्र यांनी केलेलं, अनेकदा मध्ये अदृश्य जोड घालून.

आता तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एकाच लहानशा मेथडमधून जातात. ती या जोड्या एका रूपात आणते. मराठीसाठी ही मेथड आम्हाला हातानं लिहावी लागली. ती लिहिताना मला आपल्या अक्षरांची जेवढी ओळख झाली तेवढी शाळेत झाली नव्हती.

*

मराठी टेस्ट चालवताना कोणीतरी प्रोग्रामची डीफॉल्ट भाषाच मराठी केली. लगेच निम्म्या टेस्ट पडल्या, आणि भलत्याच जागी: तक्त्यातली तिसरी ओळ सापडेना.

ओळ शोधायचा एक्सपाथ ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’नं बांधला होता. त्यात आकड्याच्या जागी ‘टक्का डी’. ही सोय आकडा चालू भाषेच्या अंकांत लिहिते, आणि जावा ९ पासून भाषांची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून येते. तिथं मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी आहेत. म्हणून चौकोनी कंसात ३ आला, आणि एक्सपाथला देवनागरी ३ हा अंक म्हणून समजत नाही. त्याच संग्रहात हिंदीचे नेहमीचे अंक इंग्रजी आहेत, त्यामुळे हिंदीच्या टेस्टना काहीच झालं नाही. जावा ८ मध्ये हिंदीला देवनागरी अंक मिळायचे, तेही या बदलात गेले.

तुर्कीत हाच अनुभव दुसऱ्या रूपात येतो. तिथं इंग्रजी मोठ्या ‘आय’चं लहान रूप बिनठिपक्याचं होतं आणि चालू प्रोग्राम मोडतात.

नियम: जे यंत्रासाठी लिहायचं त्याला ‘लोकेल.रूट’ द्यायचं. जे माणसासाठी लिहायचं त्याला माणसाची भाषा. कोणासाठी लिहितोय हे प्रत्येक ओळीत ठाऊक हवं.

आणि एक सुखद गोष्ट. इंटिजरचं ‘पार्सइंट’ देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. ‘१२३’ दिलं तर एकशे तेवीसच मिळतात. रेग्युलर एक्स्प्रेशनचं ‘बॅकस्लॅश डी’ मात्र वेगळं सांगितल्याशिवाय ते ओळखत नाही.

*

बसच्या वेळांचा पडदा. साचा होता: गावाचं नाव, आणि त्याला चिकटून ‘ला’. बोईसरला, पालघरला, डहाणूला. छान. मग सफाळे आलं. ‘सफाळेला’. केळवे आलं. ‘केळवेला’. वाडा आलं. ‘वाडाला’. आपण म्हणतो सफाळ्याला, केळव्याला, वाड्याला. इंग्रजी साच्यात नाव कुठलंही घाला, ते बदलत नाही. मराठीत नाव विभक्तीआधी सामान्यरूप घेतं, आणि ‘आ’ आणि ‘ए’ वर संपणारी नावं आतून हलतात.

त्या दिवसापासून सरकारी मराठीतल्या एका शब्दाबद्दल माझं मत बदललं. ‘सफाळे येथे’, ‘वाडा येथे’. ‘येथे’ लावला की नाव जसंच्या तसं राहतं. साचे भरणाऱ्या कोणा जुन्या कारकुनानं ही अडचण आमच्या फार आधी ओळखली असणार. आम्ही दोन वाटा ठेवल्या: जागा असेल तिथं प्रत्येक गावाचं सामान्यरूप वेगळी की म्हणून लिहायचं, नसेल तिथं ‘येथे’. आणि टेस्टच्या यादीत सफाळे, केळवे, वाडा ही तीन नावं कायम. नुसत्या बोईसर-पालघरवर तपासलेला मराठी साचा तपासलेला नसतो.

*

जावा ९ च्या आधी, म्हणजे २०१७ पर्यंत, प्रॉपर्टीज फाइल लॅटिन अक्षरांच्या जुन्या सांकेतिक पद्धतीनं वाचली जायची. मराठी लिहायची तर प्रत्येक अक्षराच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार अक्षरांचा कोड. ‘धोका’ या शब्दाची चोवीस चिन्हं. त्यासाठी जावाबरोबर एक वेगळं साधनही यायचं.

ती फाइल कोणाही मराठी माणसाला वाचता येत नव्हती. चूक दिसली तरी दुरुस्त कुठं करायची हे भाषांतरकाराला समजत नसे. आज तीच फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडते, आणि मी ती गेटवरच्या सुपरवायझरांना नुसती दाखवून विचारू शकते, “दादा, तुमच्याकडे याला काय म्हणतात?” त्यांनी ‘निर्गमन द्वार’ खोडून ‘बाहेरचा रस्ता’ केलं.

*

टेस्टनं अपेक्षित शब्द कुठून आणायचा? सोपी वाट अशी की पडदा ज्या फाइलमधून शब्द घेतो, तीच फाइल टेस्टनंही वाचायची. मग भाषा निवडायचं कोडही एकच पुरतं.

पण फाइलमध्येच ‘वीज बंद करा’च्या जागी ‘वीज चालू करा’ लिहिलं गेलं असेल तर पडदा तेच दाखवील, टेस्ट तेच अपेक्षील आणि दोघांचं जुळेल. नेहमीच्या लेबलांसाठी मी हे चालवून घेते. जिवाशी संबंध असलेल्या वाक्यांसाठी नाही. ती टेस्टच्या बाजूला स्वतंत्र लिहिलेली आहेत, प्रत्येक भाषेत ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसानं वाचून मान्य केलेली.

*

डहाणूच्या पूर्वेकडून कामाला येणारी एक मावशी. ठेकेदाराकडे हेल्पर. पडद्यावर तिनं मराठी निवडली. एकेका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं. ते वाक्य इंग्रजीत होतं, मराठी भाषांतर राहून गेलेलं. तिनं मागच्या बाईकडे पाहिलं, आपसात वारलीत दोन शब्द झाले, आणि तिनं ‘समजलं’ दाबलं.

नोंदीत तिचं उत्तर ‘समजलं’ असंच आहे.

*

दुसऱ्या दिवशी मी टीमसमोर एकच मुद्दा ठेवला. मूळ फाइल इंग्रजी का आहे? खूण नसलेली फाइल, जिच्यावर सगळ्या भाषा शेवटी येऊन टेकतात, ती इंग्रजी आहे, कारण लिहिणाऱ्यांनी आधी इंग्रजीत लिहिलं. दुसरं कारण कोणालाही सांगता आलं नाही. भाषांतर कुठं ना कुठं राहणारच. राहिलेलं वाक्य कोणाच्या वाट्याला जातं, हे मूळ फाइल ठरवते. आज ते मावशीच्या वाट्याला जातं, आणि ती कोणाला सांगत नाही. मूळ फाइल मराठी असेल तर इंग्रजी पडद्यावर एखादं वाक्य मराठीत येईल. ते इंजिनीयर वाचतील आणि दुपारच्या आत आम्हाला फोन येईल.

सगळ्यांनी मानलं. इंग्रजीला तिची स्वतःची ईएन फाइल मिळाली, मराठी मूळ झाली.

तांत्रिक नोंद, पुन्हा कोणी अडकू नये म्हणून. मूळ फाइल मराठी केली तरी एमआर खुणेची एक रिकामी फाइल शेजारी ठेवावी लागते. ती नसेल तर मराठी मागितल्यावर गेटबंडलला फक्त मूळ फाइल सापडते, आणि मूळ फाइल घेण्याआधी ते मशीनची भाषा विचारतं. मशीन इंग्रजी असलं की इंग्रजी फाइल हाती येते. रिकाम्या फाइलनं ही वाट बंद होते. त्या फाइलमध्ये एक ओळही नाही, तरी तिच्यावर एक टेस्ट आहे: ती जागेवर आहे ना?

*

वारलीला आंतरराष्ट्रीय भाषायादीत तीन अक्षरी खूण आहे, व्हीएव्ही. जावाचं लोकेल ती खूण स्वीकारतं. वारांची, महिन्यांची नावं जावा तिला देत नाही, पण त्यासाठी अडत नाही. फाइल आपण लिहायची.

लिहिताना मी माझ्या मनाचं काहीच घातलं नाही. मावशी आणि तिच्याबरोबरच्या बायकांना सूचना एकेक करून वाचून दाखवल्या, त्या आपसात बोलल्या, एकमत झालं ते वाक्य मी उतरवलं आणि परत वाचून दाखवलं. दोनदा त्यांनी बदलायला लावलं.

आज त्या फाइलमध्ये नऊ वाक्यं आहेत. बाकीची मूळ फाइलमधून, मराठीत येतात.